टोस्टबद्दल एकही तक्रार नाही

बायकोचा पाय मोडला तो एका सोमवारी, आणि मी बटर बदललं ते त्याच्या पुढच्या सोमवारी. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीएक संबंध नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. बायकोचं म्हणणं असं, की पहिली घडली नसती तर दुसरी घडली नसती, आणि दोन्हींत त्रास झाला तो तिलाच. बायकोच्या म्हणण्याला मी सहसा उत्तर देत नाही. उत्तर सुचेपर्यंत तिचं पुढचं म्हणणं सुरू झालेलं असतं.

हॉटेल तिच्या वडिलांचं. खाली हॉटेल, वर आम्ही, आणि मधे तो जिना, ज्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीनं तिचा घात केला. सहा-सात टेबलं, एक घरघरणारा पंखा, खिडकीत एक कुंडी. मिळतं काय, तर टोस्ट, ऑम्लेट, सूप आणि कॉफी. पण त्या टोस्टसाठी माणसं दोन-दोन गल्ल्या ओलांडून येतात. जाड पाव, खरपूस भाजलेला, आणि त्यावर सासऱ्यांच्या काळापासून हात आखडता न घेता लावलेलं बटर. दारावरच्या पाटीवर 'बटर टोस्ट' ही दोन अक्षरं एवढी मोठी रंगवली आहेत की हॉटेलचं नाव लिहायला जागाच उरलेली नाही. (अक्षरं दोन नाहीत हे मलाही माहीत आहे. आमच्याकडे येणाऱ्या गणिताच्या बाई एवढ्यावरूनही माझा कान पिळतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला माणूस. विभाग, तक्रारी. आमच्या विभागाचं एक तत्त्व होतं: ज्या भागातून तक्रार नाही, त्या भागात पाणी आहे असं समजावं. एका वसाहतीतून तर माझ्या संबंध नोकरीत एकही तक्रार आली नाही. नव्या कारकुनांना मी तिचं उदाहरण देत असे. पुढे कळलं की त्या वसाहतीला नळच जोडलेले नव्हते, लोक आपापल्या विहिरींवर भागवत होते. पण म्हणून तत्त्व काही खोटं ठरत नाही.

निवृत्तीनंतर मी बायकोला म्हणालो, हॉटेलात मदत करतो. तिनं मला कुंडीला पाणी घालायचं काम दिलं. "तुमच्या खात्याचा अनुभव लक्षात घेऊन," असं वर म्हणाली. ते मी मुकाट्यानं करत होतो. कुंडीचीही तक्रार नव्हती. आणि मग पायरी निसटली, पायाला प्लास्टर चढलं, आणि गल्ल्यामागची सासऱ्यांची खुर्ची अखेर माझ्या वाट्याला आली. सासरे ताडमाड होते. खुर्चीही तशीच. तीत बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, पण अधिकाराच्या जागेवर बसल्यावर पाय कुठे आहेत हे कोण बघतो?

पहिल्याच आठवड्यात एक विक्रेता आला. गळ्यात टाय, हातात पिवळा डबा. दारातच वाकून म्हणाला, "साहेब आहेत का?"

आता निवृत्त झाल्यापासून मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. आमचा आचारी मला "अहो" म्हणतो, तेही काही हरवलं असेल तरच. मी म्हणालो, "आहेत. बसा."

डब्यात बटर नव्हतं. बटरसारखं काहीतरी होतं. तेलाचं बनवलेलं, पिवळंधमक, फ्रिजबाहेरही न वितळणारं. विक्रेत्यानं ते पावावर फासून दाखवलं. "साहेब, तुम्ही जाणकार आहात," तो म्हणाला, "तुम्हीच सांगा, फरक कळतो का?" जाणकार म्हटल्यावर फरक कळला असं कसं म्हणणार? मी डोळे मिटून चावलं आणि म्हणालो, "नाही." स्वस्त पडत होतं, टिकत होतं, आणि आणणारा मला साहेब म्हणत होता. एवढी तीन कारणं असताना चौथ्याची चौकशी मी केली नाही.

आचाऱ्याला सगळे मेजर म्हणतात. तो कधी सैन्यात नव्हता, नुसत्या मिशा आहेत. त्यानं डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं. मी विचारलं, "काही तक्रार?" तो म्हणाला, "माझी कसली तक्रार? मी तर टोस्ट खात पण नाही." मी हे संमती म्हणून नोंदवलं.

पहिले तीन-चार दिवस मी गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. घड्याळजी आले, खाऊन गेले. गणिताच्या बाई आल्या, खाऊन गेल्या. शेजारचे चष्मेवाले आणि समोरचे विमेवाले रोजच्यासारखे एका टेबलावर बसून भांडले आणि खाऊन गेले. एक हूं नाही की चूं नाही. मला अगदी धन्य वाटलं. कोणाला न दुखावता सुधारणा करणारी माणसं जगात थोडीच असतात.

वर बायकोला मात्र मी शिल्लक राहिलेलं जुनंच बटर लावून पाठवत होतो. भीतीनं नव्हे. आजारी माणसाच्या आहारात एकदम बदल करू नये म्हणून. ते संपलं आणि पाचव्या दिवशी ट्रे घेऊन मी स्वतः वर गेलो. तिनं एक घास घेतला, आणि तो तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"टोस्ट."

"टोस्ट मला दिसतोय. त्यावर काय आहे?"

"आता आपण ते लावतो."

"ते म्हणजे काय? त्याला नाव असेल ना काही!"

मी नाव सांगितलं. तिनं घास गिळला. तिच्या चेहऱ्यावरून असं वाटलं की पायापेक्षा हे जास्त दुखलं असावं.

"लोकांना सांगितलंत?"

"लोकांनी विचारलंय कुठे?" मी म्हणालो. "आणि ऐक, एकाचीही तक्रार नाही. एकाचीही! लोकांना चाललंय."

"बोलले नाहीत म्हणजे चाललं असं नसतं हो. माझ्या मावशीनं काकांचं व्हायोलिन जन्मभर ऐकून घेतलं. एक शब्द बोलली नाही. काका गेल्यावर चौथ्या दिवशी व्हायोलिन भंगारात! पाटीवर काय लिहिलंय आपल्या?"

"पाटीवर लिहिलंय बटर टोस्ट. पण ते सासऱ्यांनी लिहिलंय."

"माझ्या बाबांच्या पाटीखाली बसून तुम्ही लोकांना ग्रीस खायला घालताय आणि वर म्हणताय तक्रार नाही!" ती उठायला गेली. पायानं आठवण करून दिली, तशी परत टेकली. मग तिचा आवाज एकदम शांत झाला, आणि तो फार वाईट असतो. "ठीक आहे. माझं प्लास्टर निघेपर्यंत मुदत. लोकांना हे खरंच चालतंय असं मला पटवून द्या. पटलं तर डबाही राहील आणि खुर्चीही कायमची तुमची. नाही पटलं तर तुम्ही आहात आणि कुंडी आहे."

आता काय सांगू? खुर्ची मला फार आवडली होती. लोक आत येताना मान लववायचे, जाताना "येतो" म्हणायचे. घरात इतकी वर्षं मी येतो-जातो, कोणी मान वर करून बघत नाही. ती खुर्ची गेली असती तर मी परत नुसता खिडकीतला माणूस झालो असतो. मी पैज स्वीकारली.

आणि दुसऱ्या दिवसापासून बायकोचीही बशी स्वच्छ होऊन खाली यायला लागली. मी मनात म्हटलं, बघा, जिभेला सवय लागते. पहिला विजय घरातच झाला.

सल्ला द्यायला शेजारीपाजारी कमी नव्हते. विमेवाले म्हणाले, "तक्रारपेटी ठेवा. माणूस तोंडावर बोलत नाही, चिठ्ठीत बोलतो. माझ्याकडे तर मेलेल्या माणसांच्याही चिठ्ठ्या येतात." त्यांच्या धंद्याचं काय असेल ते असो, पण सल्ला रास्त वाटला. मी पेटी करून घेतली, कुलूप लावलं, शेजारी कागद ठेवले, पेन्सिल दोरीनं बांधली. कागदाचा नमुना मी स्वतः तयार केला होता: तक्रारदाराचं नाव, पत्ता, तक्रारीचा प्रकार, पूर्वी केलेल्या तक्रारीचा संदर्भ, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. खात्यात हाच नमुना होता आणि त्यानं तक्रारी निम्म्यावर आणल्या होत्या.

आठवड्यानं पेटी उघडली. आत एक शर्टाचं बटण, चघळून झालेलं च्युइंगगम, कोणाचं तरी बसचं तिकीट आणि एकच चिठ्ठी. मी ती उलगडली. लिहिलं होतं, "पंखा फार घरघरतो." खाली दोन साक्षीदारांच्या सह्याही होत्या.

मी जिना दोन-दोन पायऱ्या करत चढलो. (शेवटून दुसरी टाळून.) "ही बघ!" बायकोला म्हणालो, "लोक तक्रार करतात! पंख्याची केली. मग बटर खटकलं असतं तर त्याचीही केली असती. तर्कशास्त्र आहे हे!"

ती चिठ्ठी बघून म्हणाली, "पंख्याला वाईट वाटत नाही."

"म्हणजे?"

"पंखा येऊन त्यांच्या टेबलाशी उभा राहून 'कसा वाटला वारा?' असं विचारत नाही. तुम्ही विचारता. मेजर सांगत होता."

मेजरचं हे चुगली करण्याचं तंत्र मला मुळीच पसंत नाही. पण विचारत होतो हे खरं. व्यवस्थापनात संवाद लागतोच. मी प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारायचो, "काय, कसं आहे?" आणि प्रत्येक टेबलाहून उत्तर यायचं, "छान!" गणिताच्या बाई तर बशी टेबलावर टेकायच्या आतच छान म्हणायच्या. बाईंनी शाळेत जन्मभर पोरांचे गुण कापले, अर्धा गुणसुद्धा कोणाला फुकट दिला नाही. त्या बाई छान म्हणतात म्हणजे काही कमी झालं का?

"त्या उत्तर बघायच्या आत गुण देतायत," बायको म्हणाली. "तुम्हाला संशय कसा येत नाही?"

मग चष्मेवाल्यांनी शास्त्रीय चाचणी सुचवली. त्यांचं म्हणणं, डोळे उघडे असताना जीभ खोटं बोलते. डोळे तपासताना एकेक डोळा झाकायच्या त्यांच्याकडे काळ्या झापडी असतात. त्या त्यांनी दोन-दोन जोडून आणल्या. ठरलं असं, की एका बशीत खरं बटर लावलेला टोस्ट, दुसरीत डब्यातलं. कोणती कोणती ते फक्त मेजरला माहीत. गिऱ्हाइकांनी डोळे बांधून खायचं आणि सांगायचं.

मी मेजरला बजावलं, "हे बघ, कोणालाही कळता कामा नये. माझ्याही कानावर येता कामा नये. पूर्ण गुप्तता."

रविवारी सकाळी हॉटेलभर माणसं काळ्या झापडी लावून रांगेत बसली होती. दारातून नवीन आलेलं एक जोडपं आत डोकावलं आणि पाय न वाजवता निघून गेलं. घड्याळजींनी बाही कॉफीत बुडवली. विमेवाल्यांनी बशीशेजारचा कागदी रुमाल उचलला, निम्मा खाल्ला आणि म्हणाले, "हा जास्त हलका आहे. पोटाला बरा." तरी एकंदरीत चाचणी शिस्तीत पार पडली. सगळ्यांनी एकमुखानं डाव्या बशीला पसंती दिली.

"मेजर," मी म्हणालो, "सांग. डाव्या बशीत काय होतं?"

"मला काय माहीत?"

"तूच लावलंस ना!"

"लावलं. पण तुम्ही म्हणालात ना कोणाला कळता कामा नये? मी डोळे मिटून लावलं."

यावर कोणी हसलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण सगळेजण झापडी काढून इतक्या गंभीरपणे माझ्याकडे बघत होते की मला तेच जास्त लागलं. बाई तर उठून म्हणाल्या, "प्रयत्न छान होता."

तेव्हा शेवटचा मुद्दा बायकोनंच काढला. म्हणाली, "नाराज माणूस बोलत नाही, तो यायचा बंद होतो. कोण यायचं बंद झालंय ते बघा." मी बघितलं. बारकाईनं बघितलं. कोणी म्हणजे कोणी बंद झालं नव्हतं! घड्याळजी येत होते, बाई येत होत्या, चष्मेवाले-विमेवाले भांडत होते. बशा पुसून घेतल्यासारख्या स्वच्छ परत येत होत्या. पिवळ्या डब्याचा विक्रेतासुद्धा आता आमच्याकडेच नाश्ता करायचा. माल बनवणाऱ्यांचाच माणूस जिथे पैसे देऊन तो माल खातो, तिथे आणखी कोणता पुरावा पाहिजे? यावर बायको "हं," एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी वाद जिंकत होतो.

त्या आनंदात मी फलक रंगवून घेतला. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं: 'आमच्या टोस्टबद्दल आजवर एकही तक्रार नाही!' आणि तो बाहेर फुटपाथवर उभा केला.

बायकोचं प्लास्टर निघायचं त्याच दिवशी सकाळी नगरपालिकेचा माणूस आला. कागद काढून म्हणाला, "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

मी पटकन विचारलं, "टोस्टबद्दल?"

"नाही. तक्रार नाही या फलकाबद्दल. एका गृहस्थांचा गुडघा आपटला."

मी त्यांना बसवून घेतलं. एकाच पेशातली माणसं आम्ही. मी म्हणालो, परवानगी काढतो, मार्ग सांगा. त्यांनी मार्ग सांगितला: फलकाच्या परवानगीसाठी, त्या फलकाबद्दल कोणाचीही तक्रार नाही असा दाखला जोडावा लागतो. आणि तो दाखला तक्रार असल्यामुळे देता येत नाही. मी त्यांच्याकडे आदरानं बघितलं. इतकं चोख काम आमच्या खात्यातही झालं नव्हतं. "तुम्ही आधी काहीतरी खा," मी म्हणालो. ते म्हणाले, "रोजचंच सांगतो," आणि मेजरकडे बघून मान हलवली. रोजचं? ते आमच्याकडे रोज येत होते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चांगलं चाललेल्या हॉटेलात असं होतं.

आता माझ्या कारकिर्दीवर एकच डाग उरला होता, तो पंखा. बायको दवाखान्यातून यायच्या आत तोही पुसावा म्हणून मी वायरमनला बोलावलं होतं. तो शिडीवर चढला, पंख्याला हात लावला, आणि फाट् असा आवाज होऊन सगळं हॉटेल गप्प झालं. पंखा बंद, दिवे बंद, फ्रिज बंद.

"तार फ्रिजच्या मागून गेलीय," वायरमन म्हणाला. "फ्रिज सरकवावा लागेल. आधी रिकामा करा."

मी खुर्चीतून उतरलो. अडचणीच्या वेळी मालकानं पुढे व्हायचं असतं. तर मेजर स्वयंपाकघराच्या दारात आडवा. "अहो, तुम्ही गल्ल्यावर बसा. मी करतो."

"बाजूला हो."

"तुमचे हात खराब होतील."

"मेजर, बाजूला हो म्हणतो ना!"

वरचे दोन कप्पे रिकामे केले. अंडी, दूध, सुपाच्या भाज्या. खालच्या कप्प्यात फ्लॉवरचे दोन गड्डे होते आणि त्यांच्यामागे काहीतरी होतं. मी गड्डे काढले. मागे डब्या होत्या. लहान-लहान डब्या, कप्पाभर. एक औषधाच्या गोळ्यांची. एक साबणाची. एक चष्म्याचं घर. एक घड्याळाचे सुटे भाग ठेवायची गोल डबी. एक कंपासपेटी. मी सगळ्या परातीत घातल्या, बाहेर आणल्या आणि मधल्या टेबलावर ठेवल्या.

"हे कोणाचं आहे?"

नाश्त्याला बसलेली नेहमीची मंडळी इकडेतिकडे बघायला लागली. नगरपालिकेचा माणूस कागदात डोकं घालून बसला. बाई कुंडीतल्या झाडाची पानं मोजायला लागल्या. मी चष्म्याचं घर उघडलं. आत बटर होतं. खरं बटर. साबणाची डबी उघडली, आत बटर. औषधाची डबी, बटर.

पंखा बंद, उन्हाची वेळ, हॉटेलात भट्टी झालेली. परातीतल्या डब्या बघता-बघता कडेनं ओलसर व्हायला लागल्या. तरी माणसं बसून होती. एवढा संयम मी फार कमी ठिकाणी बघितला आहे. शेवटी कंपासपेटीच्या बिजागरीतून एक पिवळा थेंब बाहेर आला, आणि बाईंना ते बघवेना. त्या उठल्या, परातीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "ही माझी. वितळतंय हो!"

मग धरण फुटलं. घड्याळजींनी गोल डबी उचलली. चष्मेवाल्यांनी घर घेतलं. विमेवाल्यांनी साबणाची डबी ओढली आणि झाकण लागत नाही म्हणून चष्मेवाल्यांशी भांडले. नगरपालिकेच्या माणसानं कागद खाली ठेवून एक काड्यापेटी उचलली. आणि मागून टाय लावलेल्या एका माणसाचा हात आला आणि त्यानं औषधाची डबी घेतली. तो विक्रेता होता.

"तुम्ही?" मी म्हणालो. "तुमचाच माल आहे ना तो?"

"साहेब, मला पित्ताचा त्रास आहे," तो खाली बघून म्हणाला. "आमचा माल मला सोसत नाही."

मी मेजरकडे वळलो. "मी रोज विचारत होतो ना रे? रोज! तक्रार आहे का, तक्रार आहे का?"

"तक्रार कुठे होती?" मेजर म्हणाला. "सगळे टोस्ट कोरा मागवतात का, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही तक्रार विचारलीत. तक्रार कोणाची नव्हती. सगळ्यांकडे डब्या होत्या."

"पण का?" मी सगळ्यांना विचारलं. "एक शब्द बोलायला काय झालं होतं? मी काय खाणार होतो तुम्हाला?"

बाई कंपासपेटी पुसत होत्या. त्यांनी मला पोराला सांगावं तसं सांगितलं. "अहो, तुम्ही त्या खुर्चीत नवे. पाय टेकत नाहीत तरी घास तोंडात जायच्या आत उडी मारून येणार, कसं आहे म्हणून विचारणार, आणि तोंडाकडे असं बघणार, की आता निकाल लागतोय. आपल्या घरी पाहुण्यानं हौसेनं काही करून वाढलं तर आपण नावं ठेवतो का? छान म्हणतो आणि नंतर आपलं काहीतरी खातो. तिचा पाय बरा होईपर्यंतच तर काढायचे होते दिवस. म्हटलं, काढू."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. तक्रार केली असती तर मी नमुना पुढे केला असता, नियम सांगितले असते, दोन साक्षीदार मागितले असते. या दयेवर मात्र माझ्याकडे काही नमुना नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून परातीकडे बघितलं, तर तळाशी एक डबी अजून उरलेली.

निळी, पत्र्याची, झाकणावर फुलं. ती मी ओळखली. आमच्या आरशासमोर असते. केसांच्या पिना असतात तीत.

"ती माझी," दारातून आवाज आला. बायको काठी टेकत उभी होती. पाय मोकळा झाला होता. कधीपासून उभी होती देव जाणे. "मेजर ट्रेमधल्या फडक्याखाली घालून आणायचा."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग पैज कशाला लावलीस?"

"मी सांगितलं असतं तर ती माझी तक्रार झाली असती. आणि माझ्या तक्रारी तुम्ही कधी धरल्यात हो?"

मी बाहेर जाऊन फलक उचलून आणला, खुर्चीवरचा माझा चष्मा घेतला आणि तांब्या भरून कुंडीला पाणी घालायला गेलो. सगळं हॉटेल बघत होतं. कुंडीत आधीच पाणी होतं. मी तरी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलोच नाही. थोड्या वेळानं बायकोनं हाक मारली, "अहो, खुर्ची काय डोक्यावर घेऊन फिरू? माझ्यानं अजून दिवसभर बसवत नाही. या खाली."

"पैज हरलो मी."

"हरलात. डबा परत गेला. खुर्चीचं मी बघेन. पाटीवर आहे ते बशीत पाहिजे, आणि कधी बदलायचं झालं तर आधी सांगायचं, मग वाढायचं. एवढं जमेल?" मी मान हलवली. मग तिनं काठीनं काहीतरी पुढे सरकवलं. लाकडी पाट होता. तो तिनं खुर्चीखाली ढकलला. मी बसलो आणि पाय टेकले.

पाठोपाठ घड्याळजी आले. एक घास घेतला आणि तिथूनच ओरडले, "पाव करपलाय!" मी दचकलो. चष्मेवाले म्हणाले कॉफी पाणचट आहे. विमेवाले म्हणाले कॉफी ठीक आहे, पण टेबल हलतं, किती दिवस सांगायचं? नगरपालिकेचा माणूस म्हणाला, पंखा नीट झाला पण आता वारा फार लागतो. दुपारपर्यंत माझं डोकं भणभणलं. एवढ्या तक्रारी संबंध नोकरीत मी एका दिवसात ऐकल्या नव्हत्या, आणि एकीलाही साक्षीदार नव्हता. मी बायकोकडे जाऊन म्हणालो, "बघ! खरं बटर दिलं तर ही तऱ्हा!"

ती शेंगदाण्याएवढंही हसू लपवत नव्हती. "पाहुणा नाही राहिलात आता," म्हणाली. "जा, टेबलाखाली कागदाची घडी सरकवा."

मी टेबलाखाली वाकलेलो असताना बाई आल्या. टोस्ट आला. मी काहीही विचारलं नाही. त्यांनी नीट चावून खाल्ला आणि म्हणाल्या, "कडेला बटर लागलं नाहीये. दहापैकी सात."

सात! मी वर बघितलं. त्या पर्स उघडून कंपासपेटी काढत होत्या. ती त्यांनी मेजरच्या हातात दिली.

"बाई," मी म्हणालो, "आता ती कशाला? आता खरं बटर आहे."

"असू दे फ्रिजमध्ये," बाई म्हणाल्या. "तुमचा काय भरवसा!"

असं म्हणाल्या. माझ्या तोंडावर!